गाळे कुणाचे? मराठवाड्यातील लहान शहरांच्या बाजारपेठांची पार्श्वभूमी

21 डिसेंबर 2025 रोजी निकाल लागले आणि मराठवाड्यातील बहुतेक नगरपालिकांत जवळपास चार वर्षांनी लोकनियुक्त सभागृह आले. नव्या सभागृहापुढे नालेसफाई, पाणीपट्टी आणि घंटागाडीच्या जोडीला एक विषय हमखास येतो. मुख्य चौकातील जुने गाळे पाडून व्यापारी संकुल उभे करायचे, रस्ता रुंद करायचा आणि फळे-भाजीवाल्यांची दुसरीकडे सोय लावायची. जाहीरनाम्यात हा ‘बाजारपेठेचा कायापालट’ असतो. सभेत मात्र सगळी चर्चा गाळे कुणाला मिळणार यावर येऊन थांबते. असे का होते ते समजायला मागे जावे लागते, पण फार मागे नाही. गुंता मुख्यतः गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांतला आहे.

निजामाच्या काळातल्या कसब्याची रचना वाचकांना ठाऊकच आहे: वेस, गढी, पेठ आणि आठवडी बाजाराचे पटांगण. 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे आली आणि सेलू, परतूर, उमरी, धर्माबाद अशा गावांत व्यापाराचा ओढा स्टेशनकडे वळला. लातूरला 1917 मध्ये गंजगोलाई उभी राहिली. सोळा रस्ते एका गोल बाजाराला आणून मिळवणारी ही आखणी नंतरच्या एकाही आराखड्याला साधलेली नाही, असे म्हटले तर ते फारसे कुणी खोडून काढणार नाही.

हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर कायदे भराभर बदलले. आधी 1951 चा हैदराबादचा नगरपालिका व नगर समित्यांचा कायदा, मग 1956 चा जिल्हा नगरपालिका कायदा, त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मुंबई राज्यात समावेश आणि शेवटी 1965 चा महाराष्ट्राचा नगरपरिषद अधिनियम. दुरुस्त्यांसह तोच आजही चालतो. जमिनीचे कागद मात्र इतक्या वेगाने बदलले नाहीत. जुन्या पेठेतल्या काही जागा इनामी, कुठे मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेल्या), कुठे देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या. 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने बहुतेक इनामे संपली, त्यांवरचे वाद संपले नाहीत. ‘चौकातली जागा नगरपालिकेची’ असा ठराव झाला, की सिटी सर्व्हेचा उतारा मागणारा एखादा अर्जदार दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर असतो, तो यामुळेच.

1963 च्या बाजार समिती कायद्यानंतर मोंढा, म्हणजे धान्याचा घाऊक बाजार, हळूहळू गावाबाहेरच्या यार्डात गेला. आडत गेली तशी हमालांची वर्दळ गेली, बैलगाड्यांची जागा मोकळी झाली. हे मोकळे आवार काही ठिकाणी पार्किंग झाले, काही ठिकाणी अतिक्रमण, आणि पुष्कळ ठिकाणी गाळे. त्याला पैसाही मिळाला. 1979-80 मध्ये केंद्राची लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना सुरू झाली. तिच्यात रस्ते-गटारांबरोबर उत्पन्न देणारी कामे धरायची मुभा होती, आणि उत्पन्न देणारे काम म्हणजे दुकानांची इमारत हे समीकरण तेव्हापासून पक्के झाले. 2005 च्या अखेरीस ही योजना दुसऱ्या मोठ्या योजनेत मिसळली. समीकरण राहिले.

मग 1999. त्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. राज्याने नगरपालिका क्षेत्रातील जकात बंद केली. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही, नाक्यावरची अडवणूक कुणालाच नको होती. पण नगरपालिकेचे रोजचे रोख उत्पन्न त्या दिवशी गेले. बदल्यात आले सहायक अनुदान, आणि ते बहुतांशी पगारात जाते. हातात उरली घरपट्टी, पाणीपट्टी, तहबाजारी (बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतली जाणारी रोजची फी) आणि गाळाभाडे. घरपट्टी वाढवली तर मते जातात. पाणी आठ-दहा दिवसांआड येत असेल तर पाणीपट्टी मागायला जायचे तोंड नसते. तहबाजारीच्या वसुलीचा वर्षाला लिलाव होतो आणि तो कोण घेणार हे लिलावाआधी गावाला माहीत असते. मतदाराला न दुखावता वाढवता येईल असे उत्पन्न एकच राहिले, नवे गाळे बांधून त्यांची अनामत घेणे.

त्याच वर्षी हिंगोली जिल्हा झाला, आणि त्याच सुमारास मराठवाड्यात कितीतरी नवे तालुके. तहसील, पंचायत समिती, न्यायालय, बँका या सगळ्यांना जागा हवी होती आणि ती जुन्या पेठेत मिळणे शक्यच नव्हते. कार्यालये गावाबाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला गेली. त्यांच्या मागे झेरॉक्सवाले, स्टॅम्पवाले, चहाच्या टपऱ्या, मग हॉटेले आणि मोबाइलची दुकाने गेली. दहा-पंधरा वर्षांत ‘गावात जाऊन येतो’ याचा अर्थ वेशीच्या आत जाणे असा राहिला नाही. सराफा आणि कापडाची काही जुनी दुकाने तेवढी पेठेत उरली. आज ज्या चौकाच्या सुशोभीकरणाची चर्चा होते तो पुष्कळदा हा नवा, रस्त्याकाठचा चौक असतो. जुन्या पेठेच्या वाट्याला सिमेंट रस्ता आणि पेव्हर ब्लॉक येतात.

आता गाळ्यांकडे. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचे कलम 92 सांगते, की नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा ती स्वतः देऊ शकते. मुदत वाढवायची तर वरची परवानगी लागते. भाडे किती हे त्रिसदस्यीय समिती बाजारमूल्य पाहून ठरवते. वाचायला हे सरळ आहे.

प्रत्यक्षात काय झाले ते एका गाळ्याच्या पायरीवर उभे राहिले की कळते. दहा बाय बाराची खोली, वर गळका स्लॅब, पुढे रस्त्यात चार-पाच फूट आलेले पत्र्याचे शेड, शटरच्या वर रंगवलेल्या तीन नावांपैकी दोन पुसट. नगरपालिकेच्या मागणी रजिस्टरात चौथेच नाव. तो मूळ गाळेधारक गाव सोडून मुलाकडे पुण्याला गेलेला किंवा वारलेला. आत बसलेला दुकानदार त्याच्या वारसाला महिन्याला हजारांत भाडे देतो, वारस नगरपालिकेला शेकड्यांत देतो, तेही मार्चमध्ये, नोटीस आल्यावर. दोघांमधला करार शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला. तीन वर्षांची मुदत कधीच उलटून गेलेली. कुणी वाढवून दिली नाही, कुणी खालीही केले नाही.

गाळेधारकांची बाजू अगदीच पोकळ नाही. अनेक इमारती त्यांच्याच पैशावर उभ्या राहिल्या. नगरपालिकेकडे बांधकामाला निधी नव्हता, म्हणून इच्छुकांकडून आधी ना-परतावा रक्कम घेतली, त्यात स्लॅब पडला आणि मग सोडती निघाल्या. ज्याने बायकोचे दागिने मोडून ही रक्कम भरली, त्याला ‘तू तीन वर्षांचा भाडेकरू’ असे वीस वर्षांनी सांगितले तर तो कोर्टात जाणारच. पावतीवर ना-परतावा लिहिलेले असले तरी त्याच्या लेखी ती पगडी होती, आणि तोंडी तसेच सांगितले गेले होते. हे तोंडी सांगणारे कोण, ते कुठल्याच ठरावात सापडत नाही.

उलट बाजू अशी, की जाहीर लिलावाशिवाय मुदतवाढ म्हणजे सार्वजनिक मालमत्ता वडिलोपार्जित करणे. लिलाव झाला तर अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, महिला यांच्यासाठी गाळे राखून ठेवावे लागतात. मुदतवाढीत हा प्रश्नच उठत नाही. गावातली जी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर राहिली, त्यांना चौकात शटर उघडण्याची संधी फक्त नव्या लिलावातच मिळू शकते. माझ्या मते या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे, आणि सभागृहात त्यावर सर्वांत कमी वेळ खर्च होतो. बहुतेक वेळा सत्ताधारी मुदतवाढीचा ठराव घेतात, विरोधक जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, त्याच अधिनियमाच्या कलम 308 खाली ठरावाला स्थगिती मिळते आणि प्रकरण पुढच्या सभागृहापर्यंत लोंबकळते. सत्ता बदलली की भूमिकांची अदलाबदल होते. अर्ज तेच, सह्या वेगळ्या.

‘पाडून नवे बांधू’ हा प्रस्ताव या कोंडीतून निघालेला आहे. इमारत धोकादायक ठरवली की जुने करार आपोआप संपतील अशी त्यामागे अटकळ असते. तसे होत नाही. जुने गाळेधारक नव्या संकुलात तळमजल्याचा हक्क मागतात आणि बऱ्याचदा तो द्यावाच लागतो. पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यांना मग गिऱ्हाईक मिळत नाही. लहान गावात जिना चढून दुकानात जायची सवय नाही, शेतकरी बी-बियाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन वर कशाला जाईल? बांधा-वापरा-हस्तांतरित करा या पद्धतीने ठेकेदारामार्फत उभारलेल्या संकुलांत तर पैसा आधी निघतो आणि जिन्याखाली कचरा साठतो. वरचा मजला रिकामा असलेले संकुल पाहायला फार लांब जावे लागत नाही.

या सगळ्यात 2014-15 ची भर पडली. राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करायचे ठरवले. सोयगाव, बदनापूर, मंठा, घनसावंगी, पालम, आष्टी, पाटोदा, वडवणी, वाशी, लोहारा, चाकूर, जळकोट, सेनगाव, औंढा नागनाथ अशी ही यादी मोठी आहे. यातली काही गावे लोकसंख्येने खेडीच होती. तालुक्याचे ठिकाण एवढीच त्यांची पात्रता. घरपट्टी वाढणार, मनरेगा आणि ग्रामीण घरकुल हातचे जाणार अशी भीती तेव्हाच बोलून दाखवली गेली, आणि ती निराधार नव्हती. दुसरीकडे बांधकाम परवानगी, विकास आराखडा, अग्निशमन, मुख्याधिकारी हे सगळे पहिल्यांदा आले. ग्रामपंचायतीच्या काळात तोंडी दिलेले गाळे, नमुना 8 वर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत) चढवलेल्या टपऱ्या आणि गावठाणाबाहेरचे गुंठेवारीचे प्लॉट नगरपंचायतीकडे जसेच्या तसे वर्ग झाले. कित्येक ठिकाणी मूळ करारच नव्हता, मग मुदत कुठली मोजायची?

महामार्गांचाही यात वाटा आहे. नागपूर-तुळजापूर रस्ता रुंद झाला तेव्हा त्याच्या काठच्या गावांत दुकानांचे पुढचे भाग गेले, आणि जिथे बाह्यवळण झाले तिथे गिऱ्हाईक गेले. भूसंपादनाचा मोबदला जागेच्या मालकाला मिळतो. टपरीवाल्याला मिळत नाही.

फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा आहे. शहर फेरीवाला समिती नेमा, सर्वेक्षण करा, विक्रीची जागा ठरवा आणि मगच कुणाला हलवा, असा त्याचा क्रम आहे. लहान नगरपालिकांत तो उलटा चालतो. आधी जेसीबी येतो, मग समितीची आठवण होते. करोनाच्या काळात, जून 2020 पासून, दहा हजार रुपयांच्या पीएम स्वनिधी कर्जासाठी घाईने याद्या झाल्या, तेव्हा कुठे पुष्कळ गावांत भाजी विकणाऱ्या बायकांची नावे पहिल्यांदा नगरपालिकेच्या कागदावर आली. तहबाजारीची पावती मात्र त्या कित्येक वर्षांपासून फाडत होत्या. ज्यांच्याकडून रोज पैसे घेतले त्यांना ‘अतिक्रमणधारक’ म्हणणे कायद्यात कसे बसते, हे कुणी स्पष्ट केलेले नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर 2016 मध्ये निवडून आलेल्या नगरपालिकांची मुदत 2021 च्या अखेरीपासून संपत गेली. ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचे फेरबदल यांत पुढची निवडणूक अडकली. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले, तरी मतदानाला डिसेंबर उजाडला. मधली चार वर्षे प्रशासक होते. सभाही तेच, ठरावही तेच. गाळ्यांच्या काही थकीत वसुल्या या काळात झाल्या, कारण मतांची धास्ती नव्हती. नव्या संकुलांच्या निविदाही याच काळात निघाल्या, कारण विचारणारे कुणी नव्हते. नगराध्यक्षाची निवडही मधल्या काळात सतत बदलत राहिली: 2001 मध्ये थेट जनतेतून, पुढच्या निवडणुकीत नगरसेवकांतून, 2016 मध्ये पुन्हा थेट, 2020 मध्ये नगरसेवकांतून, 2022 मध्ये परत थेट. थेट निवडून आलेला अध्यक्ष आणि विरोधी बहुमताचे सभागृह अशी जोडी जमली, की गाळ्यांचा ठराव सर्वांत आधी अडतो.

गंमत अशी, की 2014-15 नंतरच्या बहुतेक नगरपंचायतींत या काळात लोकप्रतिनिधी होते. राज्यातील शंभरावर नगरपंचायतींची निवडणूक 21 डिसेंबर 2021 आणि 18 जानेवारी 2022 अशा दोन टप्प्यांत झाली. ओबीसींसाठी राखीव असलेल्या जागा न्यायालयाच्या आदेशाने खुल्या करून दुसऱ्या टप्प्यात घेतल्या गेल्या. त्या सभागृहांची पाच वर्षे 2027 च्या सुरुवातीला भरतात. म्हणजे जुन्या नगरपालिका गाळ्यांचा निर्णय नव्याने घ्यायला बसतील, तेव्हा शेजारच्या तालुक्यातली नगरपंचायत निवडणुकीच्या तोंडावर असेल, आणि आचारसंहितेच्या आधी जितके भाडेपट्टे नव्याने करून घेता येतील तितके घेण्याची तिथल्या गाळेधारकांची धडपड सुरू झालेली असेल.