अस्तित्वगत सुरक्षितता

अस्तित्वगत सुरक्षितता : आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातील संकल्पना. सीमा शाबूत राहाव्यात, तसेच ‘आपण कोण’ याची खात्रीही टिकावी, असे राष्ट्राला वाटते आणि त्यापायी ते प्रसंगी संकटही ओढवून घेते, असे ही संकल्पना मांडते.

संज्ञा मनोविकारशास्त्रातून आली. स्कॉटिश मनोविकारतज्ज्ञ आर. डी. लँग यांनी १९६० साली ती रुग्णांविषयी लिहिताना वापरली. त्यांच्या विचारावर सार्त्र आणि हायडेगर या तत्त्वज्ञांची छाप होती. समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांनी ती रोजच्या परिपाठाशी जोडली आणि पुढे जेनिफर मिट्झन (२००६) व ब्रेंट स्टील (२००८) यांनी राष्ट्रांना लावली.

या विचारामागचा अस्तित्ववाद, म्हणजे माणसाचे अस्तित्व आणि निवडीचे स्वातंत्र्य केंद्रस्थानी ठेवणारे तत्त्वज्ञान, भीती आणि चिंता यांत फरक करतो. भीतीला कारण दाखवता येते. चिंतेला तसे बोट ठेवायला जागा नसते. मराठीतली ‘हुरहूर’ तिच्या बरीच जवळची. सार्त्र कड्यावर उभ्या माणसाचे उदाहरण देतो : पाय घसरेल ही भीती, पण आपणच उडी टाकू शकतो ही जाणीव म्हणजे चिंता.

स्टील यांनी अभ्यासलेले बेल्जियमचे उदाहरण बोलके आहे. २ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी जर्मनीने फ्रान्सवर चालून जाण्यासाठी बेल्जियममधून फौजांना वाट मागितली, मुदत बारा तासांची. वाट दिल्यास युद्धानंतर मुलूख परत आणि नुकसानभरपाई असा सौदा होता. राजा आल्बेर्टच्या अध्यक्षतेखाली रात्री खल झाला आणि सकाळी नकार गेला : हे मान्य करणे म्हणजे राष्ट्राच्या इभ्रतीचा बळी देणे. १८३९ च्या ज्या तहाने बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिली होती, त्यावर प्रशियाची, म्हणजे पुढे ज्याच्या नेतृत्वाखाली जर्मनी एक झाली त्या राज्याचीही सही होती. ४ ऑगस्टला जर्मन फौजा आत शिरल्या. महिना सरायच्या आत बेल्जियममधील लूव्हाँ शहराचे विद्यापीठ ग्रंथालय जळाले. नुसत्या नफ्यातोट्याच्या हिशेबात हा नकार बसवणे कठीण जाते.

मिट्झन यांचे म्हणणे अधिक अस्वस्थ करणारे आहे. जुने वैरही सवयीचे होते. शत्रू ठरलेला असला की आपली ओळखही ठरलेली राहते. म्हणून तह दृष्टिपथात आला की काही राष्ट्रे कचरतात.

राष्ट्राला मन असते का, हा आक्षेप नेहमीचा. त्याहून वजनदार आक्षेप अस्तित्ववादातूनच येतो. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्डने १८४४ साली चिंतेला स्वातंत्र्याची भोवळ म्हटले होते. या सिद्धांतात मात्र ती बहुधा आवरायची व्याधी ठरते. बहार रुमेलिली यांच्यासारखे अभ्यासक अलीकडे तिच्याकडे पुन्हा मूळ अर्थाने पाहू लागले आहेत : वैराची घडी विस्कटते, तेव्हाच दुसरी वाट दिसू शकते.