खाडा मारावासा वाटतो तेव्हा शरीरात काय चालू असतं?

कामाच्या दिवशी सकाळी पोट बिघडतं आणि सुट्टीच्या दिवशी तेच पोट कडक भाकरी, शेंगाचटणी दणकून पचवतं. ज्याचं असं होतं त्याला घरात एकच निदान ऐकायला मिळतं : नाटकं. सोलापुरात ते जरा ठसक्यात येतं. "काय नाटकं करायलास बे, ऊठ की!" बोलणाऱ्याचा हिशोब सरळ असतो. आजार खरा असता तर सुट्टीच्या दिवशीही झाला असता. पण कामाचा दिवस कुठला आणि सुट्टीचा कुठला हे शरीराला पक्कं कळतं, आणि ते थुंकीच्या नमुन्यात मोजताही येतं.

झोपेतून उठल्यानंतर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात अंगातलं कॉर्टिसॉल झपाट्यानं चढतं. उठताना जेवढं असतं त्याच्या साधारण दीडपट होतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून येणारं हे संप्रेरक रक्तात साखर आणून सोडतं आणि दिवसभराच्या कामाला अंग तयार करतं. सोलापुरातल्या जुन्या लोकांना मिलचा भोंगा आठवत असेल. १८७७ साली 'जुनी मिल' म्हणतात ती कापड गिरणी उभी राहिली, मागोमाग आणखी मिल आल्या, आणि पाळी सुरू व्हायच्या आधीच भोंगा वाजून अख्ख्या पेठा उठून बसायच्या. कॉर्टिसॉलचा सकाळचा चढ हा तसाच भोंगा आहे. तो धडधाकट माणसातही रोज वाजतो. २००४ साली जर्मन संशोधकांनी लोकांकडून सलग काही दिवस सकाळी उठल्याउठल्या लाळेचे नमुने घेतले. कामाच्या दिवसांत हा चढ शनिवार-रविवारपेक्षा जास्त निघाला. कामाचा बोजा झेपत नाही असं सांगणाऱ्यांत आणि सतत काळजी करणाऱ्यांत तर ही तफावत आणखी मोठी होती. म्हणजे माणूस अजून अंथरुणातच असतो, साहेबाचं तोंडही दिसलेलं नसतं, आणि शरीरानं पुढचा दिवस गृहीत धरून तयारी सुरू केलेली असते.

पोटाचं काय, तर त्याची गोष्ट आणखी जुनी आहे आणि मला फार आवडते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्या दोनेक वर्षांत हार्वर्डमध्ये वैद्यकी शिकणारा वॉल्टर कॅनन नावाचा तरुण मांजरांना बिस्मथ हा क्ष-किरणांत उठून दिसणारा पदार्थ मिसळलेलं अन्न खाऊ घालून, क्ष-किरणांखाली त्यांचं जठर कसं हलतं ते बघू लागला. जठराच्या लाटा एका लयीत चाललेल्या दिसायच्या. मधूनच मांजर बिथरलं, चिडलं, की लाटा एकदम थांबायच्या. मांजर शांत झालं की पुन्हा सुरू. बाकी कुणी असतं तर प्रयोग बिघडला म्हणून चडफडलं असतं. कॅननला मात्र त्या थांबण्यातच गंमत वाटली, आणि त्यातूनच पुढे 'लढा किंवा पळा' ही धोक्याच्या वेळी शरीर कसं वागतं त्याची मांडणी उभी राहिली. १९१५ साली त्यानं ती सविस्तर लिहिली. धोका समोर असताना अन्न पचवत बसणं शरीराला परवडत नाही. रक्त स्नायूंकडे वळतं, हृदय धडधडतं, तळहात ओले होतात.

आज त्यामागची यंत्रणाही बरीच कळली आहे. मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची वर्दी देतो, हायपोथॅलॅमस हा मेंदूतलाच दुसरा भाग सीआरएफ नावाचं रसायन सोडतो. या रसायनाचा पोटावर दुहेरी परिणाम होतो : जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून एकाच सकाळी पोह्यांचा घास घशाखाली उतरत नाही आणि बूट घालून झाल्यावर पुन्हा संडासला पळावं लागतं. यात नाटक कुठंच नाही.

आता प्रश्न असा की शरीर एवढं घाबरतं कशाला? ऑफिसात काही वाघ बसलेला नसतो. काम अवघड असतं म्हणून, असं उत्तर लगेच सुचतं. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण अवघड काम आनंदानं करणारे पुष्कळ असतात. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड, त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला खराखुरा, दुखणारा विजेचा झटका. साप निघण्याची शक्यता मधूनमधून बदलत राहायची. खेळणाऱ्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आणि हाताचा घाम मोजत गेल्यावर दिसलं, की सगळ्यात जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना येतो. झटका बसणारच हे ठाऊक असताना ताण त्याहून कमी होता!

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू भाषिक विडी कामगार बाईला हे सांगायला लंडनहून कुणी यायला नको. तेंदूची पानं आणि तंबाखू घरी आणायची, हजाराच्या हिशोबानं विड्या वळायच्या, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल द्यायला जायचं. वळताना हात आपोआप चालतात, तोंडानं तेलुगूत गप्पा चालू असतात. छाती धडधडते ती रांगेत. आपल्या कट्ट्यांतल्या किती विड्या आज बाद ठरणार? काल जो माल पास झाला तोच आज नापास होऊ शकतो, आणि कारण कुणी सांगत नाही. रोज ठरलेल्या पन्नासच बाद होणार असत्या तर तिनं त्या हिशोबात धरून टाकल्या असत्या. बँकेतल्या कारकुनाचा 'साहेबांचा मूड', कारखान्यातली 'आज कुणाला ओव्हरटाइम ते संध्याकाळी सांगू' ही पद्धत, शोरूममधलं दर सोमवारी बदलणारं टार्गेट, सगळी त्याच दगडाखालची मंडळी. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या शनिवारी फळ्यावर लावल्या तर मालकाचा एक पैसा खर्च होत नाही. तरी बऱ्याच ठिकाणी लावत नाहीत, आणि मग दिवाळीच्या सुमाराला तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवतात.

असो. भीती उगवते कशी हे झालं. ती टिकते आणि वाढते कशी, हा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघणारा एक तरुण डोळ्यांपुढे आणा. तो साडेनऊला गेटच्या अलीकडे, चहाच्या गाड्यापाशी मोटारसायकल उभी करतो. हेल्मेट डोक्यावरच. फोन काढून आतल्या मित्राला विचारतो, "साहेब आलेत का? कसंय वातावरण?" मित्र म्हणतो, गरम आहे. हा आणखी एक चहा सांगतो. मग कधीतरी एके सकाळी गाडीवरूनच मेसेज पाठवतो : ताप आलाय, येत नाही. आणि गाडी वळवतो. आसरा चौक येईपर्यंत छाती हलकी झालेली असते, पोट शांत, सकाळपासून पहिल्यांदा भूक लागलेली.

हा हलकेपणाच घातक. होबार्ट मॉरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४७ साली त्याचं गणित मांडलं. पहिल्या टप्प्यात एखाद्या जागेला भीती चिकटते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या कुत्र्याला जशी घंटा आणि अन्नाची सांगड बसली, तशी याला गेट आणि बोलणी खाण्याची. दुसऱ्या टप्प्यात माणूस तिथून पळतो, आणि पळाल्यावर जी सुटका वाटते ती बक्षिसासारखी काम करते. बक्षीस मिळालेली कृती मेंदू पुन्हा करतो, हा त्याचा साधा नियम. वर आणखी एक नुकसान असं, की आत गेला असता तर काय झालं असतं हे कळायची संधीच हुकते. कदाचित साहेब दुसऱ्याच कुणावर तापलेले असतील. मेंदूच्या वहीत मात्र नोंद होते ती 'गेलो नाही म्हणून वाचलो' अशी. दुसऱ्या दिवशी गेटचं ओझं वाढलेलं, शिवाय कालच्या खाड्याचा जाब द्यायचा तो वेगळा. खाड्याला खाडा लागत जातो तो असा. मित्राला फोन, जादा चहा, मुद्दाम उशिरा जाऊन कोपऱ्यातली खुर्ची धरणं, हेही छोटे छोटे खाडेच.

भीती उलटी उलगडायची असेल तर जिथून पळालो तिथंच हळूहळू परत जायला लागतं. याचा पहिला नीट नोंदलेला दाखला १९२४ सालचा. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी संशोधिकेकडे पीटर नावाचा लहान मुलगा होता, सशाला भयंकर घाबरणारा. तिनं त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवायचा, मग रोज थोडा जवळ, असं चालवलं. काही काळानं पीटर सशाला हातानं कुरवाळू लागला. आजच्या उपचारांतली 'पायरीपायरीनं सामोरं जाणं' ही पद्धत याच वाटेनं पुढं आली. आपल्या हिशोबनीसाच्या पायऱ्या वेगळ्या असतील. काही दिवस गाडी थेट गेटात लावायची, चहा नंतर. मग मित्राला फोन न करता आत जायचं. मग जाऊन आपणच साहेबांना नमस्कार करायचा, कुठल्याही कामाशिवाय. एक पायरी अंगवळणी पडून कंटाळवाणी झाली की पुढची. पहिले काही दिवस धडधड होणारच, आणि ती होत असताना तिथं थांबणं हाच उपचार आहे.

याला एका चिठ्ठीची जोड देता येते. सकाळी एका ओळीत लिहायचं, आज काय वाईट होणार असं वाटतंय. मोघम नको. 'सगळं बिघडेल' असं लिहिलं तर संध्याकाळी तपासता येत नाही, 'सगळ्यांसमोर आवाज चढवतील' असं लिहिलं तर येतं. रात्री खूण करायची. २०२० साली अमेरिकेत अतिचिंतेचा विकार असलेल्या २९ जणांना आपल्या चिंता अशाच लिहून पुढे ताडून बघायला लावल्या, तेव्हा ९१ टक्के खऱ्या झाल्या नाहीत. आकडा छोट्या गटाचा आहे, तुमचा वेगळा येईल. पण तो तुमचा असेल, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणाऱ्या 'सकारात्मक विचार करा'पेक्षा मेंदूला पटणारा.

श्वासाबद्दल थोडक्यात. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके जरा मंदावतात. म्हणून मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, आणि घेण्यापेक्षा सोडणं लांब, असं पाच मिनिटं केलं की धडधड उतरते. सात रस्त्याला सिग्नलला थांबल्याथांबल्याही जमतं. फक्त 'श्वास केला नाही तर आत जाताच येणार नाही' इथपर्यंत गोष्ट आली, की तोही चहाच्या गाड्याचाच भाऊ झाला म्हणायचा.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नये. २००७ सालच्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली, तर झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांचा अमिग्डाला ६० टक्के जास्त उसळला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला, त्यात लाइट गेली तर संपलंच. जुन्या घरांत माळवदावर अंथरूण टाकायची सोय होती, फ्लॅटमध्ये तीही नाही. अशा रात्रीनंतरच्या सकाळी नोकरी सोडायचा विचार जास्त खरा वाटतो. त्या विचारावर निर्णय पावसाळ्यात घ्यावा. संध्याकाळी सहानंतरचा चहाही बंद करून बघावा, कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात.

एवढं सगळं मेंदूवर ढकलल्यावर दुसरी बाजू सांगायलाच हवी. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून चाललेल्या 'व्हाइटहॉल' अभ्यासांत मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना दिसलं, की हृदयविकार वरच्या साहेबांपेक्षा खालच्या हुद्द्यांवर जास्त आहे. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १०,३०८ जण होते, आणि त्यात एक धागा ठळक झाला : आपल्या कामावर आपला किती ताबा आहे. कधी करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं यातलं काहीच हातात नसणं हे कामाच्या ओझ्यासोबत आलं की शरीर झिजतं. मागावर पगार तुकड्यावर असेल, सूत खराब आलं म्हणून कापड खराब झालं आणि कपात मात्र विणणाऱ्याची झाली, तर त्याची सकाळची धडधड बिनबुडाची म्हणता येणार नाही. तिथं पायरीपायरीनं सामोरं जायचा सल्ला देणं म्हणजे थट्टा. तिथं युनियन लागते, लेखी तक्रार लागते, कधी दुसरी नोकरी लागते. आणि कामाच्या जागी कुणाच्या लैंगिक त्रासामुळे बाईला जायची भीती वाटत असेल तर त्या भीतीची सवय अजिबात करून घेऊ नये. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी अंतर्गत समिती सक्तीची आहे, आणि त्याहून लहान युनिटसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं? चिंता महिनोन्महिने, बहुतेक दिवस चिकटून राहिली, झोप-जेवण उडालं, खाडे पगारात दिसू लागले, तर जायचं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी. आधी साध्या तपासण्या होतात, कारण थायरॉइड वाढलं किंवा रक्त कमी पडलं तरी छाती अशीच धडधडते. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथं ओळखीचं कुणी बघेल ही धास्ती असेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेला. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट मात्र करू नये : ओळखीच्या मेडिकलमधून 'शांत झोपेची' गोळी आणून सकाळी कामावर जाताना घेणं. अल्प्राझोलामसारखी गोळी अर्ध्या-एक तासात हलकं करते, आणि अडचण तिथंच आहे. गाडी वळवल्यावर आसरा चौकात जी सुटका मिळाली तीच ही, फक्त पाकिटात. मेंदू तिचीही सवय लावून घेतो, शिवाय एकदम बंद केली तर चिंता दुपटीनं उसळते, कधी झटकेही येतात. मानसोपचारतज्ज्ञ चिंतेसाठी बहुधा एसएसआरआय (नैराश्य आणि चिंतेवरच्या औषधांचा एक गट) यातलं औषध देतात. ते याच्या उलट, सावकाश चालतं. परिणाम जाणवायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता थोडी वाढूही शकते. बरेच जण नेमके तेव्हाच 'आपल्याला लागू पडलं नाही' म्हणून सोडून देतात. तेव्हा सोडण्याआधी डॉक्टरला फोन करावा.