चवळीच्या डब्यातलं भांडण

उन्हाळ्यात इतवारीच्या बाजारातून आणून भरलेली चवळी पावसाळ्यात उघडली, की दाण्यांना गोल भोकं दिसतात आणि तपकिरी भुंगेरे डब्याच्या काठावर चढू लागतात. नागपुरात घरोघरी हा किडा चाळून, उन्हात घालून, कडुनिंबाचा पाला टाकून हाकलतात. कीटकशास्त्रज्ञ मात्र त्याला मुद्दाम पोसतात. कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस हे त्याचं नाव. नर आणि मादीचं हित कुठे जुळतं आणि कुठे फाटतं, हे तपासायला इतका सोयीचा कीटक क्वचितच मिळतो.

सोय अशी, की प्रौढ भुंगेरा कडधान्य खातच नाही. सगळं खाणं अळीचं, तेही एका दाण्याच्या आत. प्रौढ बाहेर पडतो आणि दाणापाणी न मिळताही आठवडा-दोन आठवडे जगतो. तेवढ्यात समागम, अंडी, मरण. त्यामुळे त्याच्या अंगात किती शिल्लक आहे, हे तो जन्मला तो दाणा ठरवतो. एकट्याने चवळी खाल्लेला भुंगेरा भरदार निघतो, वाटणीत वाढलेला किरकोळ.

या शिल्लकीतून नर एका समागमात आपल्या वजनाचा ५ ते १० टक्के भाग वीर्यरूपाने देतो. सत्तर किलोच्या माणसाच्या हिशेबात हे साडेतीन ते सात किलो. पहिल्या खेपेनंतर हा आकडा झपाट्याने घसरतो. दुसरीकडे, नराच्या जननेंद्रियावर टोकदार काटे असतात आणि ते मादीच्या जननमार्गाला आतून जखमा करतात. मादी मागच्या पायांनी नराला लाथा मारते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माद्यांना लाथा मारता येणार नाहीत अशी व्यवस्था केली, तेव्हा समागम लांबला आणि जखमा वाढल्या. हे काटे निव्वळ पकड घेण्यासाठी असावेत, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण स्वीडनमध्ये २०१२ साली लेझरने काटे छाटलेल्या नरांना फलनात कमी यश मिळालं. जखमेतून वीर्यातली द्रव्यं मादीच्या शरीरात उतरतात आणि त्याचा फायदा नराला होतो.

मग मादी पुन्हा नराकडे जातेच का? एक उत्तर पाण्यात आहे. वीर्यात पाणी भरपूर असतं आणि कोरड्या धान्यात मादीला पाण्याचा दुसरा झरा नाही. २००७ सालच्या एका अभ्यासात ज्या माद्यांना पाणी मिळत होतं, त्यांनी कमी वेळा समागम केला. तहानलेली मादी जखम पत्करून पाणी मिळवते, असा हा सौदा.

यावरून ‘हलाखीतली मादी नराला लवकर वश होते’ असा नियम कुणी काढेल, तर तो चुकेल. फुटाळा किंवा गोरेवाडा तलावाच्या काठाशी पाण्यावर सरसर पळणाऱ्या निवळ्या आठवा. त्यांच्यात समागमानंतरही नर मादीच्या पाठीवर बसून राहतो. ओझं घेऊन मादीला भक्ष्य पकडणं जड जातं. उत्तर अमेरिकेतल्या निवळ्यांवर १९९२ मध्ये झालेल्या अभ्यासात उपाशी माद्या समागमाला जास्त नाखूश दिसल्या. तिथे समागमातून पोटाला काही मिळत नाही, उलट शिकारीचा वेळ जातो. मात्र नरांची गर्दी फार झाली, की प्रत्येकाशी झुंजण्यापेक्षा एकाला पाठीवर घेतलेलं मादीला स्वस्त पडतं.

आणि धडधाकट असणंही नेहमी फायद्याचं नसतं. फळमाशीत मोठ्या, जास्त अंडी देऊ शकणाऱ्या माद्यांमागेच नर जास्त लागतात, आणि या पिच्छ्याचा फटकाही त्यांनाच जास्त बसतो.

भुंगेऱ्यांचा तहानेचा प्रयोग घरी किंवा शाळेत करता येतो. २०० ग्रॅम अख्खी चवळी आधी ७२ तास फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे आतली जुनी कीड मरेल. एक दिवस बाहेर ठेवून त्यात १०-१५ भुंगेरे सोडा आणि २४ तासांनी काढून घ्या. दाण्यांवर चिकटलेली अंडी भिंगातून दिसतात. तिसऱ्या दिवसाच्या आत, म्हणजे अंडी फुटण्यापूर्वी, सुईने खरवडून प्रत्येक दाण्यावर एकच अंडं ठेवा. बरणीला मलमलचं कापड बांधा. २८ ते ३० अंश तापमानात साधारण चार आठवडे लागतात. शेवटी दाण्यावर गोल, पातळ ‘खिडकी’ उमटते. असा प्रत्येक दाणा औषधाच्या वेगळ्या छोट्या बाटलीत घाला. ही खिडकी चुकवलीत तर प्रयोग गेला, कारण भुंगेरे बाहेर पडल्यावर काही तासांतच जोड्या जमवतात.

मादीच्या पंखांबाहेर डोकावणाऱ्या शेपटाकडच्या भागावर दोन्ही बाजूंना ठसठशीत काळे पट्टे असतात. नराचा तो भाग बराचसा एकरंगी. फणीसारख्या मिशा दिसल्या तर तो चिनेन्सिस या भाऊबंद जातीचा नर, त्याला बाजूला ठेवा.

आता ४० माद्यांचा प्रत्येकी एका नराशी समागम होऊ द्या. काही मिनिटं चालतो. लाथा उत्तरार्धात सुरू होतात, त्या मोजा. मग प्रत्येक मादीला दहा-दहा दाणे द्या. वीस बाटल्यांत ओला कापूस ठेवा, वीसांत कोरडा. तिसऱ्या दिवशी प्रत्येकीपाशी नवा, अस्पर्श नर १५ मिनिटं सोडा आणि किती जणी तयार होतात ते लिहा. आधी वापरलेला नर चालणार नाही, त्याची शिल्लक कमी झालेली असते. नर आधी-नंतर तोलून वीर्याचं वजन काढायचं असेल, तर सराफाचा काटा उपयोगाचा नाही. भुंगेऱ्याचं वजनच चार-पाच मिलीग्रॅम, फरक त्याहून कितीतरी लहान. महाविद्यालयातला मिलीग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा लागेल.

नागपुरात घोळ होतो तो हवेमुळे. मे महिन्यात दुपारी बाहेरची हवा कमालीची कोरडी असते. बाटल्या कूलरसमोर ठेवल्या, की कोरड्या कापसाच्या माद्याही ओलसर हवेत बसतात आणि दोन गटांतला फरक पुसट होतो. जुलैत तर सगळीच हवा दमट. कूलर नसलेली खोली निवडा, पण तापमान ३५ अंशांवर जाऊ देऊ नका, अळ्या दगावतात. आर्द्रतामापक शेजारी ठेवून रोज आकडा लिहा.

लहान-मोठे भुंगेरे मुद्दाम तयार करायला एका दाण्यावर चार अंडी ठेवून पाहता येईल. पण भारतातल्या काही भुंगेऱ्यांत तसं केलं तरी एकच प्रौढ बाहेर येतो, कारण दाण्याच्या आतच एका अळीने बाकीच्यांना संपवलेलं असतं. तेव्हा मुगाचे आणि चवळीचे असे दोन वेगळे गट करून वजनांतला फरक तपासा.

काम झालं की सगळ्या बरण्या चार दिवस फ्रीझरमध्ये. एखादी मादी निसटून शेजारच्या अख्ख्या तुरीच्या डब्यात पोचली, तर महिनाभराने डब्यात भुंगेऱ्यांची दुसरी पिढी हजर असेल.