छतावरील सौर पॅनेलची उभारणी (नागपूर)

घराच्या स्लॅबवर किंवा टिनाच्या छपरावर सांगाडा पक्का बसवून त्यावर सौर पॅनेल जखडण्याचे काम. नागपुरात मिस्त्री, वायरमन आणि घरमालक सगळेच या सांगाड्याला 'स्ट्रक्चर' म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना सुरू झाली. तिच्यात ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. घेताना चौकशी होते ती पॅनेलची आणि इन्व्हर्टरची. स्ट्रक्चरबद्दल फारसे कोणी विचारत नाही, आणि धोका खरा तिथेच असतो.

पॅनेलचे वजन पेलणे हे स्ट्रक्चरचे सोपे काम. ५४० वॅटचे पॅनेल साधारण २८ किलोचे असते आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस मीटर भरते. म्हणजे चौरस मीटरला ११ किलो, जे धड बांधलेल्या कोणत्याही स्लॅबला जड नाही. अवघड काम पॅनेल खाली धरून ठेवण्याचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेल्या विदर्भात संध्याकाळी अवकाळी वादळ उठते, तेव्हा वारा पॅनेलच्या पोटाखाली शिरतो आणि छत्री उलटावी तसे ते वर उचलू पाहतो.

आयएस ८७५ (भाग ३) या मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर दिला आहे. या वेगाचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास येतो. ढोबळ हिशेबाने एका पॅनेलवर ३०० किलो आणि ३ किलोवॅटच्या सहा पॅनेलवर १,८०० किलोंचा जोर झाला. उतार, उंची आणि आजूबाजूच्या इमारतींप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो. नेमका हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावा. फूटभर लांबी-रुंदी-उंचीचा काँक्रीटचा ठोकळा भरतो जेमतेम ६८ किलो. सहा पायांखाली असे सहा ठोकळे नुसते ठेवले, तर सगळे मिळून ४१० किलोही होत नाहीत. कूलर, वाळवण आणि वावर यांसाठी गच्ची मोकळी राहावी म्हणून सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर घेण्याकडे लोकांचा कल असतो. त्याला वारा अधिक लागतो, म्हणून तिरपे आधार आणि जाड पाय हवेतच.

पाय स्लॅबला दोन रीतींनी धरवतात. एका रीतीत स्लॅबला टाचे मारून, बाँडिंग केमिकल लावून त्यावर काँक्रीटचा ठोकळा ओततात आणि बोल्ट आधीच त्यात बसवतात. दुसऱ्या रीतीत केमिकल अँकर वापरतात. स्लॅबला भोक पाडायचे, आतली भुकटी फुंकून आणि ब्रशने पूर्ण काढायची, मग रसायन भरून स्टड (आटे असलेली सळई) फिरवत आत घालायचा. भुकटी राहिली तर रसायन काँक्रीटला न चिकटता भुकटीलाच चिकटते आणि बोल्ट ओढला की सुटतो. बऱ्याच गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. अँकर या कोब्यातच थांबला तर त्याचा काही उपयोग नाही; तो खालच्या काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे. घरगुती स्लॅब चार-पाच इंचांचाच असल्याने भोक किती खोल न्यायचे हेही आधी ठरवावे लागते. पाय शक्यतो बीम किंवा कॉलमच्या रेषेवर यावेत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक भोकाभोवती वॉटरप्रूफिंग करावे, नाहीतर पहिल्याच झडीत छत गळू लागते.

लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले असावे. जागेवर कापले, भोक पाडले किंवा वेल्डिंग केले की तेथला जस्ताचा थर जातो, आणि गंज तिथूनच धरतो. म्हणून माप घेऊन कारखान्यातच भोके पाडून आणणे उत्तम. नाइलाजाने कापलेल्या कडांना जस्ताचा रंग द्यावा. पॅनेल क्लॅम्पने धरतात: दोन पॅनेलच्या मध्ये मिड क्लॅम्प, टोकाला एंड क्लॅम्प. पॅनेल बनवणाऱ्याने फ्रेमवर ज्या पट्ट्यात क्लॅम्प लावायला सांगितले असेल त्याच पट्ट्यात तो बसला पाहिजे, कारण पॅनेलची दाबाची चाचणी त्याच आधारावर झालेली असते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि टॉर्क पान्याने, म्हणजे ठरल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने, आवळावेत. जास्त आवळला तर फ्रेम दबते, कमी आवळला तर वाऱ्याच्या थरथरीने सैल होतो.

नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण २१ अंश ठेवतात. वारा कमी लागावा म्हणून १५ अंशांवर आणले तरी वर्षाच्या उत्पादनात फारसा फरक पडत नाही. मेच्या शेवटी, ऐन नवतपात, सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो आणि सावली दिसेनाशी होते. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर पडेल का हे या दिवसांत तपासले तर फसगत होते. सावली बघायची ती डिसेंबरची, कारण तेव्हा दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो आणि मीटरभर कठड्याची सावली मीटरभर पडते.

पारा ४५ अंशांवर गेला की पॅनेलमधले सेल ७० अंशांपर्यंत तापू शकतात आणि वीज सोळा टक्क्यांच्या आसपास घटते. पॅनेलखालून हवा खेळती राहणे म्हणूनच गरजेचे. पॅनेल ज्यावर बसतात ती सहा मीटरची ॲल्युमिनियमची रेल (पट्टी) हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत आठेक मिलिमीटर वाढते. जोडावर तेवढी फट सोडावी लागते.

हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या शेडवर स्क्रू पत्र्यात न मारता खालच्या पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी पट्टीत मारतात. चालायचे तेही पर्लिनच्या रेषेवरूनच. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊच नये. तो इशारा न देता फुटतो.

उंचीवरच्या कामगाराला पूर्ण शरीराचा सेफ्टी बेल्ट हवा आणि त्याचा दोर स्ट्रक्चरला नव्हे, इमारतीच्या पक्क्या भागाला बांधलेला हवा. उन्हात ठेवलेले पॅनेल वीज देतच असते, त्याला बंद करायचे बटण नाही. मालिकेत जोडल्यावर डीसी व्होल्टेज शेकड्यांत जाते, म्हणून वीज वाहत असताना कनेक्टर ओढून काढू नये. पॅनेलची फ्रेम आणि स्ट्रक्चर दोन्ही अर्थिंगला जोडतात. विजेपासून बचाव करणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरला वेगळे अर्थिंग देतात. उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवावे. वारा सुटला असेल तर पॅनेल वर चढवू नये. दरवर्षी मार्चमध्ये, वादळांच्या आधी, सगळे क्लॅम्प आणि पायाचे बोल्ट पान्याने तपासून घ्यावेत.