आकाशदर्शन अमावास्येलाच का?

महाराष्ट्रात मुलांसाठी रात्रभराचं आकाशदर्शन ठरवायचं म्हटलं की अमावास्येजवळचा शनिवार शोधला जातो. हौशी निरीक्षकांचं काम पुण्यात १९४४पासून चालू आहे, वरळीचं तारांगण १९७७चं. शाळा-कॉलेजची मुलं मोठ्या संख्येने या छंदाकडे वळली ती १९८५-८६मध्ये, हॅलेच्या धूमकेतूमुळे. खुद्द धूमकेतूने निराशाच केली. एप्रिल १९८६मध्ये तो पृथ्वीच्या त्यातल्या त्यात जवळ आला तेव्हा आपल्याकडून दक्षिणेला बराच खाली होता, आणि शहराच्या उजेडात तर पुसटच. त्याच्यासाठी गावाबाहेर पडायची लागलेली सवय मात्र टिकली. मुंबईकरांना कर्जत मार्गावरचं वांगणी सोयीचं पडलं. रात्रीच्या लोकलने जायचं, पहाटेच्या लोकलने परतायचं. जानेवारी-फेब्रुवारीत एकाच रात्रीत कृत्तिकांपासून वृश्चिकापर्यंतचं आकाश डोक्यावरून जातं.

अमावास्येमागचं कारण सरळ आहे: चंद्र असला की तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग), दीर्घिका (दूरच्या आकाशगंगा), अंधुक तारे दिसत नाहीत. पण हा सल्ला मुरलेल्या निरीक्षकांचा. सातवीतल्या मुलाला दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका दाखवली तर त्याला धुरकट ठिपका दिसतो. तो ‘हो, दिसलं’ म्हणतो आणि बाजूला होतो. शुक्ल अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं लांब सावल्यांमुळे उठून दिसतात. (कोजागरीला सगळे गच्चीवर असतात खरे, पण पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट.) शिवाय अष्टमीचा चंद्र संध्याकाळीच वर असतो, शाळेच्या गच्चीवरूनही दिसतो, नऊला मुलं घरी. अमावास्या धरली की गावाबाहेर जाणं आलं, मुक्काम आला, खर्च आला. मुलींना रात्रभराची परवानगी मिळायची मारामार, त्यात ‘अमावास्येला कुठे निघालात?’ हा आजीचा प्रश्न. कोण येणार आणि कोण गळणार, हे तारखेनेच ठरत गेलं.

उलट बाजूही आहे. चंद्र दाखवला की मुलं दुर्बिणीपासून हलत नाहीत, नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखणं राहून जातं, असं जुने कार्यकर्ते सांगतात. त्यात तथ्य आहे. तरी मृग, रोहिणी, व्याध अष्टमीच्या उजेडातही ओळखता येतातच.

२००९च्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षात ‘खगोलशास्त्राचे १०० तास’ २ ते ५ एप्रिलला ठेवले, ते शुक्ल पक्षातला अर्धा चंद्र आकाशात असावा म्हणूनच. २०१०पासून जगभर दरवर्षी चंद्रनिरीक्षणाची रात्रही साजरी होते, तीही बहुधा अर्ध्या चंद्राच्या सुमारास. आपल्याकडे २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ उतरल्यावर ‘ते कुठे उतरलं, दाखवा’ अशी मागणी मुलांकडूनच येऊ लागली. यान दिसणार नाही हे समजावून सांगावं लागतं, पण दक्षिण ध्रुवाकडची बाजू दाखवता येते. इकडे बदलापूरपर्यंत इमारती वाढत गेल्या, वांगणीचा काळोख पातळ झाला आणि अमावास्येसाठी मुरबाड-माळशेजकडे सरकावं लागतं, म्हणजे लोकलची सोय गेली आणि बसचं भाडं वाढलं. शाळकरी मुलांना अष्टमीची संध्याकाळ आणि कॉलेजवाल्यांना अमावास्येची रात्र अशी विभागणी त्यातल्या त्यात रास्त. पण जिथे दुर्बीण एक आणि ती हाताळणारे दोघे-तिघेच, तिथे महिन्यातून एकच कार्यक्रम होतो, आणि तो कॉलेजवाल्यांचा.