पितळेची समई लाल का पडते?

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की मोबाईलवर तोच मजकूर फिरू लागतो: बिंबलं (बोटाएवढी हिरवी आंबट फळं) चेचून मीठ घाला, समईला फासा, रात्रभर ठेवा, सकाळी समई सोन्यासारखी लख्ख! बिंबलं आणि मीठ इथपर्यंत ठीक आहे. घोळ आहे तो त्या ‘रात्रभर’मध्ये.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, साधारण दोनास एक. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर ऑक्साइडचा काळपट थर चढतो. आपल्याकडे गोव्यात पावसाळी दमट हवा आणि वर समुद्राचा खार, त्यामुळे तो जरा लवकरच चढतो. (समई काळवंडली म्हणजे घराला दृष्ट लागली, असं सांगणारे भेटतात. तसं असेल तर श्रावणात अख्ख्या बार्देश तालुक्यालाच दृष्ट लागत असणार.)

बिंबल्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, चिंचेत टार्टारिक, सोलांत (कोकमाच्या सुकवलेल्या सालींत) हायड्रॉक्सिसायट्रिक. आम्लातले हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनशी जुळून पाणी बनवतात आणि सुटे झालेले तांब्याचे आयन रसात उतरतात. मिठातले क्लोराइड आयन त्यांना धरून ठेवतात, म्हणून मीठ घातलं की काम झपाट्याने होतं. यात घासण्याचा वाटा थोडाच.

खरी गंमत यापुढे. थर निघाला की खालचा धातू उघडा पडतो. शाळेतली धातूंची क्रियाशीलता श्रेणी आठवा: जस्त हायड्रोजनच्या वर, तांबं खाली. म्हणजे आम्ल जस्ताला खातं. तांब्याला मात्र हवेतल्या ऑक्सिजनची मदत असेल तरच, तेही सावकाश. शिवाय रसात तांब्याचे आयन आधीच तरंगत असतात. जस्ताचं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या कलाचं माप) उणे ०.७६ व्होल्ट, तांब्याचं अधिक ०.३४, दोघांत १.१० व्होल्टचा उतार. जस्त इलेक्ट्रॉन सोडून रसात जातं, तेच इलेक्ट्रॉन घेऊन तांबं पितळेवर परत येऊन बसतं. समईच्या पृष्ठभागावर एक छोटी बॅटरीच चालू होते म्हणा ना. सकाळी हाती येते ती गुलाबी-लाल समई. घरात कोणी तारवटी (जहाजावर काम करणारा) असेल तर विचारा, खाऱ्या पाण्यातल्या पितळी नळांचं जस्तही असंच झिजतं आणि नळ ठिसूळ होतात.

आणखी एक. समईच्या वाटीतला चिकट तपकिरी थर ऑक्साइड नव्हे, जळून घट्ट झालेलं तेल आहे. त्यावर आंबट चालत नाही. आधी गरम पाणी, साबण किंवा चुलीची राख आणि नारळाचं सोडण (वरची काथ्याची साल). मग बिंबल्याचा रस, तोही काही मिनिटंच. भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच फडक्याने कोरडं करायचं, विशेषतः नक्षीच्या खाचा. तिथे आंबट राहिलं तर हिरवा गंज धरतो.

समई आधीच लाल पडली असेल तर घाबरू नका. थर पातळ असतो, बारीक चाळलेल्या राखेने घासला की खालचं पिवळं दिसतं. पुन्हा आंबटात मात्र ठेवू नका.