व्यापारी गुपिते : अपहाराविरुद्धचा मनाई हुकूम

विश्वासाने सोपविलेली किंवा नोकरीच्या ओघात हाती आलेली गोपनीय व्यावसायिक माहिती वापरू नये वा उघड करू नये, असे बंधन घालणारा दिवाणी न्यायालयाचा आदेश. शासकीय परिभाषेत यास ‘व्यादेश’ म्हणतात; वकिलांच्या आणि पक्षकारांच्या बोलण्यात ‘मनाई हुकूम’ हाच शब्द रुळला आहे. वृत्तपत्रांत त्यासाठी पुष्कळदा ‘स्थगिती’ हा शब्द योजला जातो, तो टाळावा. स्थगिती एखाद्या कार्यवाहीला किंवा आदेशाच्या अंमलबजावणीला मिळते, तर मनाई हुकूम व्यक्तीच्या वर्तनावर बंधन घालतो.

भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र अधिनियम नाही. बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स कराराच्या अनुच्छेद ३९ मध्ये संरक्षणाच्या तीन अटी सांगितल्या आहेत : माहिती संबंधित वर्तुळात सर्वसाधारणपणे ठाऊक नसावी, ती गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मोल असावे आणि ती गुप्त राखण्यासाठी धारकाने वाजवी उपाय केलेले असावेत. मात्र भारतातील खटले प्रत्यक्षात करारभंग, समन्यायावर (लिखित कायद्यापलीकडच्या न्याय्यतेच्या तत्त्वांवर, म्हणजे ‘इक्विटी’वर) आधारलेला विश्वासभंग आणि विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ यांच्या आधारे चालतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १६ नेही विश्वासभंगास प्रतिबंध करण्याचा न्यायालयाचा अधिकार अबाधित ठेवला आहे. एरवी दुर्लक्षित राहणारी ही तरतूद मुंबईतील दूरचित्रवाणीविषयक खटल्यांत महत्त्वाची ठरते.

या उपायाच्या उगमाविषयी एकमत नाही. कायद्याचे अभ्यासक आर्थर शिलर यांनी १९३० मध्ये त्याचे मूळ रोमन कायद्यात दाखविण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्याच्या गुलामाला फितविणाऱ्याविरुद्ध त्या कायद्यात दुप्पट भरपाईचा दावा करता येत असे आणि प्रतिस्पर्ध्याने गुलामाकरवी धंद्याचे गुपित काढून घेतल्यास हाच दावा उपयोगी पडत असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. रोमन कायद्याचे अभ्यासक ॲलन वॉटसन यांनी १९९६ मध्ये ते खोडून काढले. उपलब्ध रोमन वचनांत धंद्याच्या गुपिताचा प्रश्न कोठेच आलेला नाही आणि दाव्याचा रोख गुलामाच्या घसरलेल्या मोलावर आहे, असे त्यांनी दाखविले. वॉटसन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय शिलर यांचे म्हणणे मान्य केले, तरी त्यातून निघतो तो पैशातील भरपाईचा हक्क. कृतीस मनाई करणाऱ्या आदेशाचे पूर्वरूप त्यात सापडत नाही.

ते पूर्वरूप इंग्लंडच्या समन्याय न्यायालयात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील औषधांच्या कृतींवरून झालेल्या वादांत शोधणे अधिक सयुक्तिक होय. न्यूबेरी विरुद्ध जेम्स (१८१७) या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांच्यापुढे पेच उभा राहिला : गुपित काय आहे हे न्यायालयाला सांगितले नाही, तर हुकूम मोडला की नाही हे ठरविता येत नाही, आणि सांगितले तर गुपित उरत नाही. त्यांनी गुपित उघड करण्यास मनाई करण्याचे नाकारले. मात्र योव्हॅट विरुद्ध विन्यार्ड (१८२०) मध्ये, पशुवैद्याकडे कामाला असलेल्याने औषधांच्या कृती चोरून उतरवून घेतल्या तेव्हा, त्यांनीच मनाई हुकूम दिला. पुढे मॉरिसन विरुद्ध मोट (१८५१) मध्ये न्या. टर्नर यांनी हा अधिकार मान्य केला. पण त्याचा पाया कोठे मालमत्ता, कोठे करार, तर कोठे विश्वास असा निरनिराळा सांगितला गेल्याचेही नोंदविले. हा वाद आजही मिटलेला नाही. भारतीय न्यायालयांचा कल विश्वासाच्या तत्त्वाकडे दिसतो.

मुंबईत हा उपाय आला तो नोकरीच्या कराराच्या वाटेने. झांझिबार येथील एका डॉक्टरने आपल्या साहाय्यकाविरुद्ध मागितलेली मनाई मुंबई उच्च न्यायालयाने चार्ल्सवर्थ विरुद्ध मॅकडोनाल्ड (१८९८) मध्ये मान्य केली. झांझिबारची अपिले त्या काळी मुंबईस येत असत. या खटल्यात गुपिताचा प्रश्न नव्हता. कराराची मुदत चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट, व्यवसायास आडकाठी करणारा करार निरर्थक ठरविणाऱ्या भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ ला बाध आणीत नाही, हा मुद्दा त्यात ठरला. अरविंद मिल्सच्या विव्हिंग मास्तरासंबंधीच्या (विणकाम विभागाच्या प्रमुखासंबंधीच्या) १९४६ च्या निकालात त्याच न्यायालयाने तेच सूत्र कायम ठेवले.

पुढचा टप्पा कल्याणचा. तेथील सेंच्युरी स्पिनिंग कंपनीने टायर-कॉर्ड (टायरला बळकटी देणाऱ्या) धाग्याच्या उत्पादनाचे तंत्रज्ञान परदेशी कंपन्यांकडून गोपनीयतेच्या अटीवर घेतले होते. पाच वर्षांच्या करारावर नेमलेला एक शिफ्ट सुपरवायझर प्रशिक्षणानंतर मुदतीपूर्वीच कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांनी दिलेला मनाई हुकूम कायम केला. हुकुमाला मर्यादा होत्या : तो कराराच्या उरलेल्या मुदतीपुरता, म्हणजे १५ मार्च १९६८ पर्यंत, आणि टायर-कॉर्ड उत्पादनातील त्याच स्वरूपाच्या कामापुरता होता. या निकालाचा आधार घेताना या मर्यादांकडे डोळेझाक होते, हे खेदाने नमूद करावे लागते. करार संपल्यानंतरच्या बंदीला तो उपयोगी पडत नाही. अशी बंदी कलम २७ खाली निरर्थक होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने टाप्रोग (१९८८) खटल्यात मानले. गुपित न फोडण्याचे बंधन मात्र नोकरी सुटल्यावरही राहते.

हातातले कसब आणि मालकाचे गुपित यांत रेघ कोठे ओढायची, हा यातील सर्वांत अवघड प्रश्न. स्टार इंडियाच्या २००३ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, काही काळ नोकरी केलेल्या कोणालाही विशेष प्रयत्नाविना काही माहिती होतेच; तेवढ्याने तो व्यापारी गुपिताचा धारक ठरत नाही. त्याच वर्षी झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या मालिकेच्या संकल्पनेसंबंधीच्या खटल्यात खंडपीठाने वादीवरील भार चार अंगांनी मांडला. कोणत्या माहितीवर आपण विसंबतो ते त्याने स्पष्टपणे दाखवून द्यावे. ती विश्वासाच्या परिस्थितीत दिली होती, ती गोपनीय मानण्याजोगी आहे आणि तिचा परवानगीविना वापर झाला किंवा होण्याचा धोका आहे, हेही दाखवावे. तेथे मनाई टिकली. २००७ च्या ऊर्मी जुवेकर खटल्यात, संकल्पनांतील साम्य पुरेसे न वाटल्याने, ती मिळाली नाही.

या चार अंगांपैकी पहिले निर्णायक होय. एल्डन यांच्या पेचावर त्यानेच वाट काढली आहे. वर्णन नेमके नसेल, तर ‘कंपनीची कोणतीही गोपनीय माहिती वापरू नये’ असा मोघम हुकूम निघतो. त्याचा भंग सिद्ध करणे कठीण असतेच. शिवाय त्या धाकाने कामगाराला आपल्याच क्षेत्रात काम मिळणे दुरापास्त होते. मुंबईतील न्यायालयांनी नेमकेपणाचा धरलेला आग्रह म्हणूनच योग्य म्हटला पाहिजे. तपशील बंद लिफाफ्यात देणे, सुनावणी बंद दालनात घेणे, कागदपत्रे ठरावीक वकिलांनाच पाहू देणे हे त्यावरचे व्यवहार्य तोडगे होत.

तात्पुरत्या मनाईची मागणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली होते. महाराष्ट्रातील जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांत हा अर्ज ‘निशाणी ५’ म्हणून ओळखला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत (जेथे दावे थेट दाखल होतात) अशा अर्जासाठी दीर्घकाळ ‘नोटीस ऑफ मोशन’ची पद्धत होती. तात्पुरती मनाई देताना प्रथमदर्शनी प्रकरण, सोयीगैरसोयीचे पारडे (मनाईने व नकाराने कोणाची गैरसोय अधिक होईल) आणि भरून न येणारे नुकसान या तीन कसोट्या लावल्या जातात, हे सर्वश्रुत आहे. पुरावा नष्ट होण्याची भीती असल्यास विरुद्ध पक्षाला न कळविता एकतर्फी आदेश मिळू शकतो आणि संगणक वा कागद ताब्यात घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या कोर्ट रिसीव्हरची नेमणूक होऊ शकते. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची व त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कारागृहात ठेवण्याची तरतूद आदेश ३९, नियम २-अ मध्ये आहे.

गुपित एकदा सार्वजनिक झाल्यावर मनाई देता येते काय, याबाबत इंग्लंडमधील टेरापिन खटल्यापासून ‘स्प्रिंगबोर्ड’ तत्त्व सांगितले जाते : विश्वासभंगाने मिळविलेली आघाडी अपहारकर्त्याला उपभोगू देऊ नये. दिल्ली उच्च न्यायालयाने जॉन ब्रॅडी (१९८७) खटल्यात ते स्वीकारले. अशी मनाई त्या आघाडीच्या काळापुरतीच असावी, हे मत सयुक्तिक आहे.

भारताच्या विधी आयोगाने मार्च २०२४ मधील आपल्या २८९ व्या अहवालात स्वतंत्र अधिनियमाची शिफारस केली व विधेयकाचा मसुदा जोडला. जनहितार्थ गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण, सक्तीचे परवाने आणि शासकीय वापर यांविषयीचे अपवाद त्यात सुचविले आहेत.